शिल्पकर्माची प्रतिष्ठा : अभियांत्रिकी पदविकेचा अभ्यास आणि आपला समाज

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखाद्या संस्थेने अखंडपणे समाजाची सेवा करावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. अशा मंगल प्रसंगी मागील पिढ्यांचे स्मरण होते, ते योग्यच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवाचा खरा उपयोग पुढच्या पिढीचा विचार करण्यासाठी व्हावयास हवा. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी विषय निवडला आहे तो दहावीनंतरच्या तंत्रशिक्षणाचा, विशेषतः तंत्रनिकेतनातील, म्हणजेच पॉलिटेक्निकमधील, अभियांत्रिकी पदविकेचा.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळालेला मुलगा विज्ञान शाखेकडे जातो, व्यापारी घरातला मुलगा वाणिज्य शाखा घेऊन सनदी लेखापाल होण्याचे स्वप्न पाहतो. पासष्ट-सत्तर टक्के गुण मिळवणाऱ्या, पण घरातला पंखा, मिक्सर, मोटारसायकल स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलाने डिप्लोमा करतो म्हटले की घरातली वडीलधारी माणसे गप्प होतात. ‘आपल्या घरात कोणी हात काळे केले नाहीत’ हे वाक्य कित्येक घरांत अजून ऐकू येते. मुलीने हा विचार बोलून दाखवला तर ती शांतता अधिकच लांबते. या शांततेपायी कितीतरी मुलांची आयुष्ये नको त्या दिशेने वळतात. म्हणून हा प्रश्न केवळ शिक्षणाचा राहत नाही, तो समाजाच्या मूल्यांचा होतो.

परंपरेचा कौल

हाताचे काम हलके, ही समजूत जैन परंपरेतील नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. भोगभूमीचा काळ संपून कर्मभूमीचा आरंभ झाला, कल्पवृक्ष नाहीसे होऊ लागले आणि प्रजा उपजीविकेच्या चिंतेने व्याकूळ झाली, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे लोकांना शिकविली. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. या सहा कर्मांत वाणिज्य जसे आहे, तसेच शिल्पही आहे. आपल्या समाजाने वाणिज्याला जवळ केले, दक्षिण महाराष्ट्रात कृषीलाही जवळ केले. शिल्पाकडे मात्र पाहण्याची दृष्टी पुढे बदलत गेली. ऋषभदेवांनी ब्राह्मीला अक्षरविद्या आणि सुंदरीला अंकविद्या दिली, ही कथा तर प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. पहिली गणिताची विद्यार्थिनी कन्या होती, असे मानणाऱ्या समाजात मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाबद्दल संकोच वाटावा, यासारखी विसंगती नाही.

जिनसेनाचार्यांच्याच काळातले, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राजवटीतले दुसरे नाव महावीराचार्यांचे. इसवी सन ८५० च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील खातव्यवहाराच्या प्रकरणात खोदकामाचे घनफळ कसे काढावे, विटांच्या रचनेत किती विटा लागतील, लाकूड कापण्याच्या करवतकामाचे मोजमाप कसे करावे, याचे गणित आहे. आज स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेत ‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’ या विषयात विद्यार्थी पायाच्या खोदाईचे घनमीटर आणि भिंतीच्या विटा मोजतो, तेव्हा तो याच जातीचा हिशेब करीत असतो. एका जैन गणितज्ञाला विटांचा हिशेब कमीपणाचा वाटला नाही, तो आज आपल्याला का वाटावा?

श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फूट उंचीची, एकाच शिळेतून साकारलेली भगवान बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची आहे. ती करवून घेणाऱ्या चामुंडरायाचे नाव घरोघरी ठाऊक आहे. ज्या हातांनी छिन्नी चालविली, त्यांच्याविषयी कोणी क्वचितच बोलते. दात्याचा गौरव आणि कारागिराचे विस्मरण ही समाजाची जुनी सवय आहे आणि आजच्या चर्चेचे मूळ तिथेच आहे.

आधुनिक काळातील वाट

आपल्या राज्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास पाहिला, तरी त्याचा आरंभ व्यावसायिक शिक्षणानेच झालेला दिसतो. १८५४ साली पुण्यात जो इंजिनिअरिंग वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू झाली, तिचा हेतू सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. त्याच रोपट्याचा पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रूपाने वृक्ष झाला. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे शिक्षक होते. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

त्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांत कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील होते. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून यंत्राची उपयुक्तता पटवून देणाऱ्या या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाराष्ट्राला दिले. श्रम आणि शिक्षण यांची फारकत होऊ नये, हा कर्मवीरांच्या कार्याचा गाभा होता.

सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद हे दुसरे उदाहरण. १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स असा त्यांचा प्रवास होता. व्यापारी घराण्यातला माणूस जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही वाहनांच्या निर्मितीकडे वळला. सांगलीत १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. भांडवल आणि कौशल्य एकत्र आल्याशिवाय उद्योग उभा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. भांडवलाची परंपरा आपल्या समाजाकडे आहेच. कौशल्याची परंपरा घरात निर्माण करणे बाकी आहे.

पदविका म्हणजे नेमके काय?

तंत्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत आणि पालकांच्या मनात त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. तेथे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे एका व्यवसायातील कुशल कारागीर घडतात. तिसरी पायरी अभियांत्रिकी पदवीची. तेथे सिद्धांत आणि आरेखनावर भर असतो. या दोहोंच्या मध्ये पदविका आहे. कारागिराची भाषा आणि अभियंत्याची भाषा या दोन्ही ज्याला समजतात, असा माणूस घडविणे हे तिचे प्रयोजन. कारखान्यातील पर्यवेक्षक, बांधकामावरील साइट सुपरवायझर, सार्वजनिक बांधकाम व जलसंपदा विभागांतील कनिष्ठ अभियंता ही तिची ओळखीची रूपे होत.

दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सत्रांचा हा अभ्यासक्रम आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. राज्यातील बहुतेक संस्थांचे अभ्यासक्रम व परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे आहेत. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे आणि पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. त्यासाठी बारावीनंतरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. पदविकेचे गुण पाहिले जातात.

येथे एक साधा हिशेब मांडावासा आहे. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, मिळून सहा वर्षे. दहावीनंतर पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन, मिळून तीही सहाच वर्षे. फरक इतकाच की, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याच्या हातात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एक स्वतंत्र पात्रता असते. घरावर संकट आले, वडिलांचे दुकान बंद पडले, तरी तो कमावू शकतो. बारावी होऊन प्रवेश परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला ही सोय नसते.

याखेरीज विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली बी.व्होक. ही व्यावसायिक पदवी सुरू केली. एक वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी तिची रचना आहे. मात्र ती अभियांत्रिकीची बी.ई. किंवा बी.टेक. पदवी नव्हे. ज्या नोकरीचा विचार आहे तिथे ती ग्राह्य आहे का, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

अभ्यासाचे स्वरूप आणि अडचणी

पदविकेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी कार्यशाळेत उभा राहतो. व्हाईसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून कानशीने तो काटकोनात आणताना दोन दिवसांतच हाताला फोड येतात. तुकडा मात्र गुण्यात बसत नाही आणि मास्तर तो परत करतात. या परतीत शिक्षण आहे. वहीतले उत्तर खोडून लिहिता येते, जादा घासलेले लोखंड पुन्हा जोडता येत नाही. व्हर्निअर कॅलिपरने ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजायचे असते. माणसाचा केसही त्याहून कितीतरी जाड असतो. इतक्या सूक्ष्मतेची सवय लागलेले मन आळशी राहत नाही.

अभियांत्रिकी आरेखन, म्हणजे ड्रॉइंग, हा विषय पुष्कळांना कठीण जातो. एकाच वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने असे तीन देखावे काढावयाचे असतात. प्रत्येक देखावा खरा, पण एकटा अपुरा. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय वस्तू कळत नाही आणि चुकीचा भाग तयार होतो. अनेकांताचे तत्त्व प्रवचनातून ऐकलेल्या विद्यार्थ्याला ते येथे ड्रॉइंग बोर्डावर प्रत्यक्ष भेटते.

परंतु या वाटेवरचे काटेही झाकून ठेवू नयेत. पहिला काटा भाषेचा. मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा पहिल्या सत्रात इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे गोंधळतो. त्याला विषय कळतो, वाक्य कळत नाही. अलीकडच्या वर्षांत मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला आहे, त्याचा लाभ घ्यावा. पण तांत्रिक शब्द इंग्रजीतूनही पक्के करावेत, कारण यंत्रावरची सूचना आणि कारखान्यातला नकाशा बहुधा इंग्रजीत असतो. दुसरा काटा गणिताचा. पहिल्या वर्षात मागे राहणारे बहुतेक विद्यार्थी गणितात अडकतात आणि राहिलेला विषय पुढच्या सत्रावर ओझे होऊन बसतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते. तो अभ्यास सुट्टीत स्वतः भरून काढावा लागतो.

तिसरा काटा अधिक खोल रुतलेला आहे. काही ठिकाणी प्रात्यक्षिक न करताच जर्नल उतरवून काढण्याची आणि ‘सबमिशन’ पार पाडण्याची रीत पडली आहे. शिक्का मिळतो, विद्या मिळत नाही. काही संस्थांतील यंत्रे धूळ खात पडलेली असतात. म्हणून संस्था निवडताना इमारतीची काच न पाहता कार्यशाळेची फरशी पाहावी. जिथे फरशीवर लोखंडाचा कीस आणि तेलाचे डाग आहेत, तिथे काहीतरी शिकविले जाते. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, पदविकेनंतरचा पहिला पगार पुष्कळदा निराशा करणारा असतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकण्याची आहेत, असे समजूनच पाऊल टाकावे.

पदविकेनंतर

पदविका मिळाल्यावर पदवीकडे धावण्याची आज जणू रीतच झाली आहे. ज्याला सिद्धांताची ओढ आहे त्याने जरूर जावे. परंतु केवळ लग्नाच्या बाजारात पदवी लागते म्हणून जाणारा मुलगा तीन वर्षे आणि वडिलांचे पैसे दोन्ही घालवतो. त्याच्यासाठी शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा. १९७३ सालच्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारकांनाही त्यात स्थान मिळाले. वर्षभर कारखान्यात प्रत्यक्ष काम, दरमहा विद्यावेतन आणि अखेरीस केंद्र शासनाचे प्रमाणपत्र असे तिचे स्वरूप आहे. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात, तिला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार किंवा अधिक माणसे असलेली लहान आस्थापनाही स्वेच्छेने घेऊ शकते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, सांगली-मिरजेचे लहानमोठे कारखाने या परिसराच्या वैभवाचे आधार आहेत. त्यांतील पुष्कळांचे मालक या समाजातले आहेत. आपल्याच समाजातील पदविकाधारक मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरी खोली घेऊन राहतो आणि इथला कारखानदार जाणकार पर्यवेक्षक मिळत नाही म्हणून हळहळतो. ही दोन माणसे एकाच मंदिरात दर्शनाला येतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

व्रत आणि व्यवसाय

तांत्रिक व्यवसायात हिंसा घडते, म्हणून तो टाळावा, असेही एक मत ऐकू येते. ते प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. गृहस्थाला उद्योगी हिंसा संपूर्ण टाळता येत नाही, ती यत्नपूर्वक कमीत कमी करावयाची असते, हीच श्रावकाचाराची शिकवण आहे. मग यंत्राला संरक्षक जाळी बसविणारा, कामगाराला हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय यंत्र सुरू करू न देणारा, रंगप्रक्रियेचे सांडपाणी शुद्ध झाल्याविना नदीत जाऊ न देणारा अभियंता अहिंसेचे पालनच करीत असतो. पंचगंगेच्या प्रदूषणाने व्यथित होणाऱ्या समाजाने असे अभियंते स्वतःच्या घरात घडवावयास नकोत काय?

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मापात कमी-अधिक करणे आणि चांगल्यात हलके मिसळणे यांचा समावेश आहे. दुकानातील तराजूला हा नियम जितका लागू आहे, तितकाच तो बांधकामाच्या मोजमाप पुस्तकालाही आहे. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडून त्याचे बळ नोंदवावयाचे असते. अपेक्षित आकडा आला नाही तर खरा आकडा लिहिणे की दुसरा लिहिणे, हा निर्णय बहुधा वीस-बावीस वर्षांच्या पदविकाधारक सुपरवायझरच्या हाती असतो. त्या इमारतीत पुढे राहणाऱ्या कुटुंबांचे प्राण त्या एका नोंदीवर अवलंबून असतात. पाठशाळेत झालेल्या संस्काराची खरी परीक्षा तिथे होते.

ट्रस्टपुढील कार्य

पन्नास वर्षांची पुण्याई असलेल्या ट्रस्टपुढे काही नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची दारे पदविका व आयटीआयच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या विद्यार्थ्यांइतकीच उघडी असावीत. पदवीच्या विद्यार्थ्याला अनेक ठिकाणांहून मदत मिळते. दहावी होऊन गावाबाहेर पडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला निवाऱ्याची आणि सात्त्विक भोजनाची गरज अधिक असते.

दुसरी, पहिल्या सत्रात गणित आणि तांत्रिक इंग्रजीचे मोफत वर्ग चालवावेत. निवृत्त शिक्षक आणि अभियंते यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या, तरी कितीतरी मुले नापास होण्यापासून वाचतील. ड्रॉइंग बोर्ड, मिनीड्राफ्टर आणि पुस्तके यांची एक पेढी ठेवावी; उत्तीर्ण झालेल्याने परत करावे, नव्याने न्यावे.

तिसरी, समाजातील कारखानदारांची आणि पदविकाधारकांची एक नोंदवही ट्रस्टच्या कार्यालयात असावी. प्रत्येक कारखानदाराने वर्षाला एक शिकाऊ उमेदवार घेण्याचा संकल्प केला, तर तेही ज्ञानदानच ठरेल.

चौथी सूचना मुलींविषयी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीत पदविका व पदवीच्या विद्यार्थिनींना वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते आणि एका कुटुंबातील दोन मुलींना लाभ घेता येतो. जैन समाजाला २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यानुसार असणाऱ्या योजनाही आहेत. नियम बदलत राहतात, मुदती निघून जातात. यासाठी एका जाणत्या कार्यकर्त्याने दरवर्षी माहिती गोळा करून ती पालकांपर्यंत पोहोचवावी.

पाचवी सूचना खर्चाची नाही, म्हणूनच कदाचित सर्वांत अवघड आहे. दरवर्षी होणाऱ्या गुणवंतांच्या सत्कारात डॉक्टर, सनदी लेखापाल आणि अभियंते यांच्याच रांगेत पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना आणि उत्तम फिटर, वेल्डर झालेल्यांनाही बसवावे. त्याच व्यासपीठावर, तीच शाल आणि तेच श्रीफळ द्यावे. आईवडिलांचे मन युक्तिवादाने जितके बदलत नाही, तितके चारचौघांत झालेल्या सन्मानाने बदलते.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की, पदविका ही कमी गुणांची शिक्षा नव्हे आणि पदवीकडे जाण्याचा चोरदरवाजाही नव्हे. ज्याला वस्तू घडविण्याची आवड आहे, त्याने ती मान वर करून निवडावी आणि निवडल्यावर जर्नल उतरवून काढण्यात नव्हे, तर काम शिकण्यात तीन वर्षे घालवावीत. पालकांनी मुलाचे गुणपत्रक जितक्या बारकाईने पाहिले, तितक्याच बारकाईने त्याचे हात काय करू पाहतात तेही पाहावे.

षट्कर्मांपैकी पाच कर्मांना मान आणि सहाव्याला उपेक्षा, अशी विभागणी आदिनाथांनी केलेली नाही. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत शिल्पकर्माला त्याचे स्थान परत मिळो आणि येथील प्रत्येक विद्यार्थी सम्यक् ज्ञानाला सम्यक् आचरणाची जोड देणारा होवो, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!